खालच्या खणातले स्कार्फ

माझ्या नणंदेला वाकडी गाठ बघवायची नाही. बसच्या रांगेत उभ्या असल्या आणि पुढच्या बाईच्या गळ्यातला स्कार्फ एका बाजूला घसरलेला दिसला, की यांची चुळबुळ सुरू व्हायची. मी कोपराने ढोसायचे, "वन्सं, गप्प राहा हं. ओळख ना पाळख." पण ऐकतंय कोण! दोन मिनिटांत या पुढे. "जरा मान वर करता का हो? एवढंच नीट करते." आणि ती परकी बाई निमूट मान वर करायची. वन्संची बोटं दोनदा हलायची, तिसऱ्यांदा नाही. मग ती बाई बसच्या काचेत स्वतःला बघायची आणि चक्क आभार मानायची. एकीनेही कधी हात झटकला नाही. मीच आपली मेल्याहून मेल्यासारखी होऊन दुसरीकडे बघत उभी.

मी तोंडाची फटकळ आहे, ते आधीच सांगून टाकते. धुलाईच्या दुकानात डाग काढायचं काम करते, बावीस वर्षं झाली. लोक कपड्यांवर काय काय सांडून आणतात आणि वर तोंड करून "आपोआप पडलाय हो डाग" म्हणून सांगतात. ते ऐकून ऐकून माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही. मूळचा स्वभाव की धंद्याने लागलेली खोड, कोण जाणे. पण तो अविश्वास वन्संना भोवला, म्हणून हे सांगायला बसलेय.

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याबरोबरच राहतात. चौकातल्या त्या तीन मजली दुकानात, दारातून आत शिरल्या शिरल्या उजव्या हाताला रेशमी स्कार्फचा काउंटर आहे, तिथे त्या एकतीस वर्षं उभ्या होत्या. उभ्या म्हणजे उभ्याच. काउंटरमागे खुर्ची ठेवायची नाही असा दुकानाचा नियम. संध्याकाळी घरी आल्या की पाय बादलीत सोडून बसायच्या आणि पाण्यात बसल्या बसल्या मांडीवरच्या टॉवेलच्या कडेला गाठी मारून बघायच्या. दुकानात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. गिऱ्हाइकं आत येऊन सरळ विचारायची, "गाठवाल्या बाई आहेत का आज?"

त्या काउंटरला पाच खण. वरचे चार चांगल्या मालाचे. रेशीम असं की बोटांवरून पाण्यासारखं ओघळावं, कडा हाताने वळून शिवलेल्या, एकेक नग पातळ कागदात गुंडाळलेला. पाचवा खण अगदी खाली, गुडघ्याशी. तो डागी मालाचा. कुठे छपाई चुकलेली, कुठे एखाद्या बाईने गळ्याला लावून बघताना लिपस्टिक लागलेली, कुठे अंगठीच्या खड्यात अडकून धागा ओढला गेलेला. असा नग विकायचा नाही. काउंटरवरच्या माणसाला हवा असेल तर त्याने चौथाई किमतीत घ्यायचा, मॅनेजरकडून चिठ्ठीवर शिक्का मारून न्यायचा. नको असेल तर कात्री लावून टाकून द्यायचा.

वन्संना कात्री लावणं जमायचं नाही. "जीव होत नाही गं," म्हणायच्या.

त्यांनी घरी आणलेला पहिला स्कार्फ निळ्या पक्ष्यांचा. पाच पक्षी, त्यातल्या एकाला चोचच उमटली नव्हती. आमचे हे तेव्हा लहान होते, पण त्यांना अजून आठवतं. एक सबंध सुट्टीचा दिवस ताई आरशासमोर बसून होती, तो बिनचोचीचा पक्षी घडीत कसा जाईल ते बघत. एका बाजूने दुमड, दुसऱ्या बाजूने दुमड, पीळ, सोड. संध्याकाळी जमलं. चार पक्षी गळ्याभोवती उडताहेत आणि पाचवा गाठीच्या पोटात. त्या गाठीला त्यांनी नाव ठेवलं चोरकप्पा. मग सिगारेटने भोक पडलेला एक करडा आला, त्यासाठी पायरीपायरीने चुण्या घातलेला जिना. लिपस्टिकच्या डागासाठी कळी. ओढल्या धाग्यासाठी दोरखंड, त्यात सगळा स्कार्फ असा पिळायचा की धागा आतल्या आत दबून जातो. एकेक खोट आणि एकेक गाठ. काउंटरवर येणाऱ्या बायका ज्या गाठींवर जीव टाकायच्या, त्या सगळ्या मुळात कुठलं तरी भोक नाहीतर डाग झाकायला निघालेल्या. गिऱ्हाइकांना ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असायचं कारणही नव्हतं. त्यांच्या गळ्यातला माल वरच्या खणातला, अगदी चोख.

मी लग्न होऊन त्या दोन खोल्यांत आले तेव्हा घरात कपाटं दोन. एकात आम्हा तिघांचे कपडे कोंबायचे आणि दुसरं सबंध कपाट वन्संच्या स्कार्फांचं. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तुमच्या स्कार्फांना ऐसपैस जागा, आणि मी काय दारामागच्या खिळ्यावर संसार टांगू?" यांनी खाली मान घालून पेपर वाचायला घेतला. ह्यांचं सगळं आयुष्य त्या पेपरामागे गेलं. वन्सं मात्र जराही चिडल्या नाहीत. "एक कप्पा घे ना. पण खालचा घे हं, वरच्या दोन्हीत ऊन येत नाही, रेशीम विटत नाही."

रागावून रागावून किती रागावणार? पुढे मीच त्यांच्या हाताखाली लागले. दर सहा महिन्यांनी सगळे स्कार्फ उलगडायचे आणि आधीची घडी सोडून दुसऱ्या रेषेवर घडी घालायची, नाहीतर रेशीम घडीवर चिरतं. आम्ही दोघी पलंगावर समोरासमोर बसायचो आणि चार हातांनी घड्या घालायचो. मी डाग बघून सांगायचे, हे अत्तर आहे, हे जाणार नाही. ही लिपस्टिक आहे, अर्धी जाईल. दोनतीन मी काढूनही दिले. सेहेचाळीस स्कार्फ होते आणि सेहेचाळीसच्या सेहेचाळीस खोटी मला तोंडपाठ होत्या. सुट्टीच्या दिवशी वन्सं एक गळ्यात घालून फेरफटका मारायला निघायच्या. आम्ही नवराबायको दारातच टपून बसायचो. "आज कुणाची पाळी? बिनचोच्याची की भोकवाल्याची?" त्या हसायच्या, मान ताठ करायच्या आणि जिना उतरायच्या. खाली रस्त्यावर लोक वळून बघायचे. खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटायचा.

नऊ वर्षांपूर्वी मला धुलाईच्या दुकानात डागखात्याची मुख्य केलं. त्या दिवशी वन्सं माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या, गळ्यात काहीतरी गार गार पडलं आणि दोन बोटांची हालचाल झाली. "झालं. बघ आरशात." गडद हिरवा स्कार्फ, त्याला विटकरी बारीक काठ, आणि गाठ अगदी साधी, एकच. मी सवयीने म्हटलं, "ह्याच्या पोटात काय दडवलंय?" त्यांनी नुसती गाठ जरा वर सरकवली. मला ती गाठ स्वतःला बांधता येणार नाही हे ठाऊक होतं. म्हणून मी ती कधी सोडलीच नाही. पुरुष टाय काढतात तसा सैल करून डोक्यावरून काढायचा आणि खुंटीला टांगायचा. स्वतः धुलाईवाली असून तो स्कार्फ नऊ वर्षांत एकदाही धुतला नाही.

मग दुकानाला पन्नास वर्षं झाली. तोवर जुने मॅनेजर वारले होते आणि नवे साहेब आले होते. तरुण, चटपटीत, बोलताना घड्याळाकडे बघणारे. त्यांनी ठरवलं, तळमजल्यावर प्रदर्शन करायचं, आणि दुकानातली सगळ्यात जुनी बाई म्हणून वन्संचा स्कार्फसंग्रह मांडायचा. काचेतली मांडणी करणारी एक मुलगी दुकानात होती, ती आमच्या घरी आली. कपाट उघडल्यावर ती घड्या मोजत गेली. "बाई, हे सगळे? सेहेचाळीस?" वन्संनी तिला एकेक दाखवला. पुतळ्यांचे नुसते गळे मांडायचे, प्रत्येकावर एक स्कार्फ, त्याची त्याची गाठ घालून, असं दोघींनी ठरवलं. वन्संना निवृत्त व्हायला पाच महिने राहिले होते. आठवडाभर त्या लहान मुलीसारख्या खुशीत होत्या. मला म्हणाल्या, "एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचे गळे सजवले. आता माझं काय ते लोक बघतील."

त्यांनी दुकानात जाऊन सेहेचाळीस गाठी स्वतःच्या हाताने घातल्या. दुसरा दिवस त्यांच्या सुट्टीचा. त्या दिवशी साहेब मांडणी बघायला उतरले आणि म्हणाले, गाठींमुळे नक्षी दिसत नाही. सोडा सगळ्या. काचेच्या चौकटीत पसरून लावा आणि मागून दिवे सोडा. मांडणीवाली म्हणाली, बाईंना विचारू या. साहेब म्हणाले, प्रदर्शन दुकानाचं आहे.

तिसऱ्या दिवशी वन्सं कामावर गेल्या तेव्हा दार नुकतंच उघडलं होतं आणि गिऱ्हाइकं चौकटींपुढे उभी होती. सेहेचाळीस स्कार्फ, सपाट, मागे झगझगीत दिवे. बिनचोचीचा पक्षी. सिगारेटचं भोक, त्यातून तर दिव्याचा किरणच बाहेर येत होता. माझ्या हातून अर्धी निघालेली लिपस्टिक. एक बाई दुसरीला म्हणत होती, "अगं, हे काय मांडून ठेवलंय? सगळे फाटकेतुटके!" आणि दोघी हसत होत्या. वन्संनी कोट काढला, खुंटीला लावला आणि काउंटरमागे जाऊन उभ्या राहिल्या. दिवसभर त्या चौकटी त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. संध्याकाळी घरी आल्या तेव्हा पाय बादलीत सोडायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही.

साहेबांना लाज वाटायला हवी होती, पण त्यांना आला राग. दुकानाच्या पन्नासाव्या वर्षी दुकानाचाच डागी माल दिव्यात झळकला! आणि राग आला की कुणीतरी मानगुटीला धरायला लागतं. त्यांच्या डोक्यात आलं, एकाच काउंटरवर इतका माल खराब होतो कसा? आणि तो एकाच बाईच्या घरी जातो कसा? चौथाईत मिळावा म्हणून बाईच खराब करत नसेल कशावरून? शिक्क्याच्या चिठ्ठ्या आणायला सांगितल्या. वन्संकडे एकही नव्हती. "चिठ्ठ्या कशाला ठेवू मी? मी काय चोरी करत होते?" शिक्का मारणारा माणूस तर केव्हाच गेलेला.

मी म्हटलं, "मी येते साहेबांकडे. एकेक डाग कसला आणि किती जुना, ते मी सांगते त्या शहाण्याला. बावीस वर्षं हेच करतेय."

"तू घरची," वन्सं म्हणाल्या. "घरच्या माणसाचं कोण ऐकतं?"

"मग तुम्ही तरी नीट बोला. गप्प उभ्या राहू नका."

"बोलायचं कशाला? मी दाखवेन त्यांना."

त्या हे बोलल्या तेव्हाच मी त्यांना अडवायला हवं होतं. पण मला तरी काय कळलं!

तिसऱ्या मजल्यावर साहेबांच्या खोलीत बोलावलं. साहेब आणि दुकानाच्याच कामगारखात्यातली एक बाई. टेबलावर पुठ्ठ्याचा खोका, त्यात सेहेचाळीस स्कार्फ कसेही कोंबलेले. पुढचं सगळं वन्संनी मला एकदाच सांगितलं, पुन्हा कधी नाही. साहेबांनी विचारलं, यातले किती तुम्ही खराब केलेत? वन्संनी खोक्यातून निळ्या पक्ष्यांचा उचलला, टेबलावर झटकून पसरला. "हा बघा. ही छपाईची चूक. चोच मी कशी पुसणार?" आणि बोलता बोलता त्यांच्या हातांनी काम सुरू केलं. चोरकप्पा झाला. मग करडा उचलला, जिना घातला. "हे भोक गिऱ्हाइकाच्या सिगारेटचं. मी ओढत नाही." मग कळी. मग दोरखंड. स्वतःच्या गळ्यात दोन झाले, तेव्हा त्या कामगारखात्यातल्या बाईला म्हणाल्या, "जरा मान वर करता का?" आणि पुढचा तिच्या गळ्यात घातला. ती बाई बघत राहिली. खोलीच्या काचेत स्वतःला बघून हसलीसुद्धा.

आणि इथे वन्सं वाहवत गेल्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणी त्यांच्या गाठी खोटीसकट बघत होतं. गिऱ्हाइकांना नुसती गाठ दिसायची, आत कुठल्या खोटीवर मात केलीय ते त्यांना कुठलं कळायला! चौकशी चाललीय हे त्या विसरल्या. सतरावा स्कार्फ बांधला, हात मागे घेतले आणि साहेबांना म्हणाल्या, "आता शोधा बरं! शोधून दाखवा कुठे आहे!"

साहेब उठले. जवळ आले. वाकून, डोळे बारीक करून शोधलं. सापडलं नाही.

"वा," साहेब म्हणाले. "आणि असे किती गिऱ्हाइकांच्या गळ्यात बांधून दिलेत, चांगला माल म्हणून?"

वन्सं मला म्हणाल्या, "अगं, मला प्रश्नच कळला नाही आधी. खरंच सांगते. असं कुणी करेल हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. आणि मग कळला, तेव्हा इतका वेळ गेला होता, की नाही म्हटलं तरी खोटंच वाटलं असतं." साहेबांनी त्या गप्प राहण्याचा अर्थ लावला आणि कामगारखात्यातल्या बाईने गळ्यातला स्कार्फ काढून टेबलावर ठेवला.

कागद तयार होता. तब्येतीच्या कारणाने स्वखुशीने काम सोडते. सही केली तर निवृत्तीचं जे असेल ते मिळेल, नाहीतर चौकशी पुढे. मी घरात थयथयाट केला. म्हटलं, सही करायची नाही, मी बघते कोण काय करतं ते! पेपरामागून हे म्हणाले, "ताई, सही करून टाक. कशाला बोभाटा?" मी तो पेपर त्यांच्या हातातून ओढून फाडला, पण वन्संनी सही केली. एकतीस वर्षांनी निरोपाचा साधा चहासुद्धा नाही. खोका मांडणीवाली घरी घेऊन आली. दारातच रडत म्हणाली, "मला वाटलं होतं दिव्यात रंग खुलतील." वन्संनी तिला पाणी दिलं. स्कार्फ पुन्हा कपाटात गेले नाहीत. खोका पलंगाखाली गेला आणि वरचे दोन्ही कप्पे रिकामे झाले. "घे आता तुला," वन्सं म्हणाल्या. मला त्यात माझी एक साडीसुद्धा ठेववेना.

बोभाटा व्हायचा तो झालाच. दुकानातून बातमी फुटली आणि जुनी गिऱ्हाइकं आपापले स्कार्फ घेऊन काउंटरवर यायला लागली, गाठी सोडून, उजेडात धरून, आमच्यात काही दडवलंय का ते बघा म्हणून. एकाच्याही स्कार्फात काही निघालं नाही. पण "काही निघालं नाही" याची कधी बातमी होते का? आणि त्याच काउंटरवर प्रत्येक खरेदीबरोबर एक छापील कागद देतात, स्कार्फ बांधायच्या बारा तऱ्हा म्हणून. त्यातल्या नऊ वन्संच्या आहेत. मी स्वतः जाऊन तो कागद आणला आणि चुरगाळून रस्त्यात टाकला.

एक डॉक्टरीणबाई होत्या, वीस वर्षांचं गिऱ्हाईक. दर महिन्याला नुसत्या गाठ घालून घ्यायलाही यायच्या. महिन्याभराने त्या आम्हाला औषधांच्या दुकानाबाहेर भेटल्या. "अरे वा, कशा आहात?" तोंडभर हसल्या. आणि हसता हसता त्यांचा हात गळ्याकडे गेला आणि दोन बोटांनी त्यांनी गाठीचं पोट चाचपलं. वन्संनी ते बघितलं. मीही बघितलं. घरी येईपर्यंत मी त्या बाईला काय काय शिव्या घातल्या! "वीस वर्षं! वीस वर्षं हिच्या मानेला हात लावला, आणि हिला एवढा विश्वास नाही? नाक वर करून चालते मेली!" वन्सं नुसत्या पुढे चालत होत्या. त्या तेव्हा खूपच कमी बोलायच्या.

आता माझं सांगते. लाज वाटते, पण सांगते.

साहेबांचा तो प्रश्न माझ्याही डोक्यात शिरला होता. धुलाईच्या दुकानात डाग घासता घासता मनात यायचं, एकतीस वर्षं. दर महिन्याला अमुक इतका माल खपवायचा दट्ट्या. हाताशी असलेला तो खालचा खण. आणि असे हात, की साहेबांच्या नाकाखाली सापडलं नाही. एकदाही मोह झाला नसेल? एकदाही? मी असते तर केलं असतं. अगदी खरं सांगते, मी केलं असतं आणि वर हसले असते. मग माझी नजर खुंटीवरच्या हिरव्या स्कार्फावर जायला लागली. त्यात काय आहे, हे मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा नुसती गाठ वर सरकवली होती. माझ्या गळ्यात खोट बांधून नऊ वर्षं गप्प बसता येत असेल, तर मग गिऱ्हाइकं काय मोठी?

एका दुपारी वन्सं फिरायला बाहेर पडल्या. हे कामावर. मी स्कार्फ खुंटीवरून काढला आणि गाठ सोडली. नऊ वर्षांची गाठ, नखं लावावी लागली. खिडकीशी गेले, उजेडात धरला आणि दुकानात धरते तसा तसूतसूने सरकवत बघितला. काठ बोटांनी चाचपला, चारी कोपरे बघितले. उलटा केला, पुन्हा पहिल्यापासून बघितला. गाठीच्या जागी चुण्या होत्या, बाकी काही नाही. ना डाग, ना भोक, ना ओढलेला धागा. मी भिंग आणलं. काय शोधत होते मी? सापडावं असं वाटत होतं की सापडू नये असं, ते मला आजही सांगता यायचं नाही.

"वरच्या खणातला आहे तो," वन्सं म्हणाल्या.

त्या दारात उभ्या होत्या. छत्री विसरल्या म्हणून परत आल्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक.

"वन्सं, मी धुवायला म्हणून..."

"हो का." त्यांनी कोपऱ्यातली छत्री घेतली. "सबंध आयुष्यात वरच्या खणातला तो एकच घेतला. पूर्ण किमतीचा. तुझ्यासाठी. बघ हवं तर अजून, उजेड आहे."

आवाज चढला नव्हता, काही नाही. चढला असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. मी तो स्कार्फ गळ्याभोवती घेतला आणि त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. मान वर केली. म्हटलं, "बांधून द्या ना."

"तुझं तू बांध."

मी बांधला. गाठ वाकडी बसली, एक टोक लांब, एक आखूड, काठ उलटा. वन्संनी ती बघितली. चांगली, नीट बघितली. मग छत्री काखेत घातली आणि जिना उतरून गेल्या.